दोघी आया धडधाकट असलेला सिनेमा आहे का कुठे?

घाटमाथा:
माझं पहिलं लग्न, नवऱ्याचं दुसरं. लेक अकरा वर्षांची, त्याच्या पहिल्या बायकोची. ती बाई ठणठणीत आहे, पुण्यात नोकरी करते, एकाआड एक शनिवारी मुलीला घेऊन जाते. आमचं बरं चाललंय. भांडणं होतात ती ओल्या टॉवेलवरून.

परवा टीव्हीवर 'वी आर फॅमिली' (२०१०) लागला होता. काजोल खरी आई, करीना नवी. काजोलला कॅन्सर होतो, मग तीच करीनाला बोलावून मुलं सोपवते. हा ज्यावरून घेतला त्या 'स्टेपमॉम'मध्येही (१९९८) तेच: सुझान सरंडन जाणार, म्हणून ज्युलिया रॉबर्ट्सला जागा. म्हणजे आधीची मरायला टेकल्याशिवाय नवीला पाटच मांडायचा नाही? 'बेटा'तल्या अरुणा इराणीपेक्षा बरंच म्हणा, तिची मजल विषापर्यंत गेली होती.

दोघी जिवंत, दोघी शहाण्या, आणि पोर दप्तर घेऊन दोन घरांत ये-जा करतेय, असं कुणी दाखवलंय का? रडारड नको.

जुना_प्रेक्षक:
'खट्टा मीठा' (१९७८). पारशी कुटुंब, विधुर अशोक कुमारला चार मुलगे, विधवा पर्ल पदमसीला तीन मुलं. दोघं लग्न करतात आणि मुलांची आपसात जुंपते. खलनायक कुणीच नाही, बासू चटर्जींना त्याची गरजही पडत नाही. पण दोघांचेही जोडीदार वारलेले, म्हणजे तुमच्या अटीत नापास. ध्रुवबाळाच्या गोष्टीतल्या सुरुचीनंतर आपल्याकडे या खात्यात भरती कमीच झाली.

लिंबूटिंबू:
ताई, 'जुनो' (२००७) बघाच. सोळा वर्षांची मुलगी गरोदर राहते, सोनोग्राफी करणारी बाई तिला टोमणा मारते, आणि सावत्र आई ब्रेन त्या बाईला असं सोलून काढते की बस. जुनोला कुत्र्याच्या लाळेची ॲलर्जी, म्हणून कुत्र्यांचं वेड असलेल्या ब्रेननं घरात कुत्रा आणलेला नाही. त्याचं कुणी कौतुक करत नाही, मागे व्हायोलिनही वाजत नाही. खरी आई जिवंत आहे, दूर ॲरिझोनात, व्हॅलेंटाइनला निवडुंग पाठवते!

मराठीत 'आम्ही दोघी' (२०१८), गौरी देशपांडेंच्या 'पाऊस आला मोठा'वरून. प्रिया बापट मुलगी, मुक्ता बर्वे वडिलांची नवी बायको. यात खरी आई नाही, पण दोघींचं जमत जातं ते बघण्यासारखं आहे.

दुसरा_बाबा:
सावत्र बापांना कुणी विचारतच नाही. मला तरी 'अँट-मॅन'मधला पोलीस पॅक्स्टन जवळचा वाटला. आधी मुलीच्या बापावर डाफरतो, दुसऱ्या भागात त्यालाच मिठी मारतो. हसू येतं, पण माझं आणि बायकोच्या आधीच्या नवऱ्याचं साधारण तसंच झालं. मिठीपर्यंत अजून गेलेलो नाही.

तुम्हाला हवा तो बहुतेक फ्रेंच 'अदर पीपल्स चिल्ड्रन' (२०२२). शिक्षिका आहे, मित्राच्या छोट्या मुलीला ज्यूदोच्या क्लासहून आणते, तिला जीव लावते. मुलीची आई जिवंत आणि समंजस. मित्राशी बिनसलं तर त्या मुलीवर हिचा हक्क काय, हा प्रश्न सिनेमा थेट विचारतो. रडारड नको म्हणालात, तर जरा जपून.

घाटमाथा:
'जुनो' पाहिला. ब्रेन एकदम पटली. पण निवडुंग पाठवणारी आई लेखिकेला फार सोयीची आहे हो. आमच्याकडची शनिवारी दारात उभी राहून विचारते, गणिताच्या क्लासची फी या वेळी कुणी भरायची, आणि सँडल न काढताच चहा घेते. मला ती आवडते, हीच खरी पंचाईत. तिच्यासाठी कुणी पटकथा लिहिलेली नाही.

फ्रेंच सिनेमा कुठे बघायला मिळेल? इंग्रजी सबटायटल्स चालतील.