घरातला पहिला फिशटँक : इंदूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हट्टापायी आणलेला फिशटँक संक्रांतीपर्यंत रिकामा होऊन माळ्यावर जातो, हे आपल्याकडे इतक्या घरांत घडलेले आहे की, त्यामागे केवळ निष्काळजीपणा असेल असे मला वाटत नाही. मासे दगावतात ते बहुतेकदा पाण्यामुळे, आणि आपल्या घरांत पाणी दोन तऱ्हेचे असते : नदीकाठच्या जलूद गावाहून सुमारे ७० किलोमीटर वर चढवून आणलेले, क्लोरीन घातलेले नर्मदेचे, आणि बोरिंगचे जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी. तेव्हा आपण कोणते पाणी वापरले, काय बिघडले आणि ते कसे सावरले, हे लिहावे अशी विनंती आहे. टँक किती सुंदर दिसतो याची वर्णने शक्यतो नकोत.

सुरुवात मीच करतो. माझा टँक २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच, म्हणजे जेमतेम ५५ लिटरचा. शनिवारी तो नळाच्या ताज्या पाण्याने भरला आणि रविवारी दुकानदाराच्या सल्ल्याने एकदम बारा मासे सोडले. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले, पाचव्या दिवशी पाणी ताकासारखे पांढुरके झाले आणि आठवड्याअखेर दोनच मासे उरले. दुकानदार म्हणाला, “पानी में दवाई डाल दो, सब ठीक हो जाएगा.” औषधाने काही झाले नाही, कारण रोग नव्हताच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात आणि खड्यांवर वस्ती करतात, परंतु ती वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि मी त्यांना एक दिवस दिला होता.

दुसऱ्या खेपेस मी पाणी बादल्यांत दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडू दिला, टँक भरला, फिल्टर चालू केला आणि मासे न आणता रोज चिमूटभर खाद्य त्या रिकाम्या पाण्यात टाकत राहिलो. शेजारचे काका रोज विचारीत, “अहो, नैवेद्य दाखवताय, पण देव कुठे आहेत?” अमोनिया तपासण्याच्या किटमधील काचेच्या नळीतले पाणी पहिले काही आठवडे हिरवे व्हायचे, पाचव्या आठवड्यात ते पिवळेच राहिले, नायट्राइटही शून्यावर आले, आणि मगच मी चार मासे आणले. उरलेले पुढच्या महिन्याभरात, दोन-दोन करून.

सुदामानगरहून :
आमच्याकडे केवळ बोरिंगचे पाणी आहे. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो यावरून त्याचा जडपणा कळावा. मला निऑन टेट्रा फार आवडले होते, म्हणून दहा आणले, आणि ते रोज एक-एक करून गेले. हा मासा मुळात मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातला, शिवाय अल्कधर्मी पाण्यात तोच अमोनिया अधिक विषारी ठरतो, हे मला नंतर समजले. त्यानंतर मोली आणि गप्पी आणले. या माशांना जड पाणी मानवते, आणि ती अंडी न घालता थेट पिल्ले देतात. आता अडचण उलटी झाली आहे : लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांतून गप्पी वाटून झाले, तरी संपत नाहीत. माझे मत विचाराल तर, आधी मासा पसंत करून मग त्याच्यासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा नळाला जे येते त्यात राहणारा मासा निवडावा.

रामबागेतून :
आमचा टँक शोकेसवर ठेवला होता. पाणी, खडे आणि काच मिळून ७०-७५ किलो भार होतो, हा हिशेब आम्ही फळी वाकल्यावर केला. आता लोखंडी स्टँड आहे आणि टँकखाली थर्माकोलची शीट.

लोकमान्यनगरहून :
हवेचा पंप टँकपेक्षा खाली, स्टुलावर ठेवला होता. रात्री लाइट गेली, हवेचा दाब थांबला आणि नळीतून पाणी उलटे वाहू लागले. सकाळी दिवाणखान्यात पाणीच पाणी होते आणि पंप कायमचा बिघडला. नळीत बसणारा, पाणी मागे न येऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह अगदी स्वस्त मिळतो. तो नसेल तर पंप निदान पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा.

राजेंद्रनगरहून :
माळव्यातली थंडी माशांना सोसत नाही, याचा अनुभव मला जानेवारीत आला. एंजल माशांच्या पंखांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसू लागले आणि मासे खड्यांना अंग घासू लागले. तो परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग होता. लिटरला साधारण १ वॅट या हिशेबाने हीटर आणला, तापमान एका दिवसात न चढवता हळूहळू ३० अंशांपर्यंत नेले, औषध दिले आणि ठिपके गेल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवला. चारांपैकी तीन मासे वाचले. पुढे एकदा पाणी काढताना हीटर बंद करायला विसरले, तो उघडा पडून तापला आणि नवे पाणी ओतताच त्याची काच तडकली. तेव्हापासून पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढते.

पुन्हा रामबागेतून, दुसरे घर :
नागपूरला लग्नासाठी सहा दिवस गेलो, तेव्हा समोरच्या काकूंना खाद्याची डबी देऊन गेलो. “मुक्या जिवांना उपाशी कसे ठेवायचे?” म्हणून त्यांनी सकाळ-संध्याकाळ मूठभर खाद्य टाकले, आणि परतलो तेव्हा जिन्यातच वास येत होता. धडधाकट मोठे मासे आठवडाभर खाद्यावाचून सहज राहतात. आता गावाला जाताना डबी कपाटात कुलूपबंद असते, आणि काकूंना फक्त दिवा लावण्या-विझवण्याचे काम सांगतो.

नारायणबागेतून :
मी सर्व काही नियमाने केले, आणि चार महिन्यांनी घराच्या साफसफाईत फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ, पांढरा होईपर्यंत धुतला. क्लोरीनने जिवाणूंची वस्तीच धुऊन निघाली आणि पाणी पुन्हा ताकासारखे झाले. आता दर रविवारी चौथा हिस्सा पाणी नळीने बादलीत ओढून काढते आणि स्पंज त्याच पाण्यात दोन-तीनदा दाबून परत लावते. ते तपकिरी पाणी गच्चीवरच्या मोगऱ्याला घालते. या उन्हाळ्यात त्याला कळ्या इतक्या आल्या की, सासूबाई आता रविवारी बादलीची वाट पाहतात.