‘मॉनिटरिंग अँड कंट्रोलिंग’ला मराठीत काय म्हणावं?

प्रकल्प व्यवस्थापनाची टिपणं मराठीत करतोय. आरंभ, नियोजन, अंमलबजावणी, समारोप या चार प्रक्रियागटांचे शब्द झटपट जमले. पाचव्यावर, म्हणजे मॉनिटरिंग आणि कंट्रोलिंगवर, गाडी अडली. सरकारी कागदांत मॉनिटरिंगला ‘संनियंत्रण’ असतं. मग काय, ‘संनियंत्रण व नियंत्रण’?

— नको हो! वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल. सरळ ‘देखरेख’ म्हणा. वर्गातला मॉनिटर आठवा: बडबडणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची एवढंच त्याचं काम, शिक्षा गुरुजींची. मूळ लॅटिन धातूचा अर्थही सावध करणं असाच आहे.

— ‘देखरेख’ माणसांवर असते, इथे लक्ष आकड्यांवर आहे. 40 चाचण्या, 8 आठवडे, दर आठवड्याला 5 असं ठरलं होतं. चौथ्या आठवड्याअखेर 20 हव्या होत्या, झाल्या 16. म्हणजे वेळापत्रकाचा निर्देशांक 16 भागिले 20, 0.8. इथवर मॉनिटरिंग. पुढे माणूस वाढवायचा, काम कमी करायचं, की रीतसर मंजुरी घेऊन तारीख पुढे न्यायची, हे कंट्रोलिंग. ‘नियंत्रण’ म्हटलं की मात्र लगाम आणि करडी नजरच डोळ्यांपुढे येते. त्यामुळे आमच्याकडे कंट्रोलिंग म्हणजे रोज दोनदा ‘कुठवर आलं?’ विचारणं. उत्तर ठरलेलं, ‘नव्वद टक्के झालंय’. तीन आठवडे तेच नव्वद!

— कंट्रोलची व्युत्पत्ती इथे कामाची आहे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कॉन्ट्रारोटुलुस’ म्हणजे हिशेबाची दुसरी प्रत, मूळ नोंद तिच्याशी ताडून पाहायची. फ्रेंचमध्ये ‘कॉन्ट्रोल’चा तपासणी हा अर्थ अजून चालतो. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: ताळा. गणित सोडवल्यावर करतो तो. बेसलाइन, म्हणजे सुरुवातीला मंजूर झालेली योजना, ही दुसरी प्रत, तिच्याशी प्रगतीचा ताळा पाहायचा.

— ताळा सुंदर, पण तो चूक दाखवून थांबतो. दुरुस्तीचं काय?

— मान्य. शिवाय ‘पाठपुरावा’ही सुचवू नका कोणी, तो अडलेल्या फायलीचा करतात.

मग टिपणांत असं लिहितो: गटाचं नाव ‘प्रगतीचा ताळा व दुरुस्ती’, आणि पहिल्या उल्लेखाला शेजारी मॉनिटरिंग-कंट्रोलिंग देवनागरीत, कारण बैठकीत सगळे तेच बोलणार. व्हेरिअन्सला, म्हणजे ठरलेलं आणि झालेलं यांतल्या फरकाला, ‘तफावत’ ठेवतोय. ‘विचलन’ संख्याशास्त्रात आधीच गुंतलंय.