बाळंतपणानंतर पुन्हा कामावर: तुमचे अनुभव लिहा

स्वराली_के:
आमच्या पतपेढीतली एक मुलगी सोमवारी बाळंतपणाची रजा संपवून रुजू झाली. दुपारी दूध काढायला जागा शोधत शेवटी रेकॉर्ड रूममध्ये गेली, जुन्या व्हाउचरच्या गठ्ठ्यांत. मला माझं २००९ आठवलं. तेव्हा १२ आठवडेच मिळायचे, २६ झाले २०१७ मध्ये. पहिल्याच संध्याकाळी कॅश एका झटक्यात टॅली झाली आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी कशाचाच हिशेब लागत नव्हता ना. सासूबाईंना बोलले नाही, "बाळाची आठवण नाही का आली?" म्हणाल्या असत्या. तुमच्यापैकी कुणाला मोठ्याने म्हणता आलं?

मीनल७:
मी म्हटलं. नणंद अजून ऐकवते 😄

झेडपीबाई:
वर्गात पाय टाकल्या टाकल्या पहिलीतला एक, "बाई, तुम्ही जाड झालात." सहा महिन्यांत माझ्याकडे नीट बघून कुणीतरी काही बोललं पहिल्यांदा, बाकी सगळे बाळाकडेच बघायचे. पण यायची एसटी चुकली की पदर भिजायचा, ते नको आठवायला.

अनघा_ठाणे:
५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघर कायद्यानेच लागतं, आईला दिवसातून चारदा जाताही येतं. आमच्या एचआरचं उत्तर, "प्रस्ताव विचाराधीन." लेक दुसरीत गेली.

मीनल७:
@अनघा, आता तिलाच चालवायला द्या पाळणाघर 🤣

राधिका_म्युनिक:
इथे तीन वर्षांपर्यंत नोकरी राखून ठेवतात. सगळ्यांना हेवा वाटतो. मी निम्म्यातच कंटाळून अर्धवेळ सुरू केलं.

गौरी_स:
मला नाही बाबा बरं वाटलं. सगळे अपराधीपणाचं विचारतात, पण मुळात काम रटाळ होतं. आधी संध्याकाळपर्यंत ढकलायचे. बाळ झाल्यावर वाटायला लागलं, ह्या एक्सेल शीटसाठी त्याला पाळणाघरात ठेवू? सोडली. आता घरून अकाउंट्स बघते, पैसे कमी, क्लायंट डोकं खातात, पण आवडतं.

स्वराली_के:
@गौरी अगदी! माझ्या बॉसने रुजू झाल्यावर काउंटर काढून फायलिंगला बसवलं असतं तर मीही रडले असते. "तुला सोपं जाईल" म्हणून बाजूला बसवतात ना, त्याचाच राग येतो.

पूजा_नाशिक:
विषयांतर, सॉरी. पुढच्या आठवड्यात जॉइन होतेय. खिमटाचं पीठ करून ठेवायचंय, जिरं कधी घालू?

झेडपीबाई:
भाजतानाच. तांदूळ धुऊन सावलीत वाळव आधी. मूगडाळ बेताने.

मीनल७:
आणि डब्यावर तारीख लिही, पाळणाघरवाल्या मावशी विचारतात.