थर्मोकपल : तपयुग्म, तापमापी, संधी की सांधा?

प्रश्न : नववीच्या प्रकल्पासाठी तांबं आणि कॉन्स्टंटन (तांबं-निकेलचा मिश्रधातू) यांच्या तारांचं थर्मोकपल करायचंय, म्हणजे सांध्यांतल्या तापमानफरकामुळे विद्युतदाब देणारी तारांची जोडी. फलकावर 'तापमापी' लिहिलं तर चालेल का? आणि 'जंक्शन'ला, म्हणजे दोन तारा जुळतात त्या जागेला, 'संधी' म्हणायचं का?

उत्तर १ : 'तपयुग्म' लिहा. 'तापयुग्म'ही दिसतं, पण 'ताप' म्हटलं की आधी अंगातला ताप आठवतो. युग्म म्हणजे दोन वेगळ्या धातूंची जोडी. जर्मन शास्त्रज्ञ सीबेक यांना १८२१ साली अशाच जोडीजवळ होकायंत्राची सुई हललेली दिसली, आणि हा चुंबकत्वाचाच प्रकार आहे असं ते धरून चालले.

'संधी' नको, व्याकरणातली किंवा नोकरीची वाटते. 'गरम सांधा', 'थंड सांधा' म्हणा.

उत्तर २ : 'तापमापी' शब्द इथे गणितही चुकवतो. तपयुग्म दोन सांध्यांतल्या तापमानाची तफावत सांगतं. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. गरम सांधा त्या पाण्याइतका तापला, खोली २८ अंशांवर असेल आणि तारा थेट मल्टिमीटरला लावल्या, तर मीटरची टोकं हाच थंड सांधा. मीटर सुमारे ३.१ मिलिव्होल्ट दाखवेल. थंड सांधा शून्य अंशांवर धरून केलेल्या तक्त्यात हाच आकडा शोधला की ७४ अंश मिळतात, आणि मग दोष तारांवर जातो! थंड सांधा कुटलेला बर्फ नि थोडं पाणी यांच्या लगद्यात ठेवा, मग ४.२ येईल. नुसते खडे नकोत, मध्ये हवा राहते. २०० मिलिव्होल्टच्या पट्ट्यात साधा मीटर ०.१ चा फरक दाखवतो, म्हणजे सुमारे सव्वादोन अंश. त्याहून बारीक दावा करू नका.

उत्तर ३ : मधली तार कॉन्स्टंटनची, ५० सेंमी, तिच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या तारा, त्या मीटरकडे. वाइंडिंगची तार असेल तर टोकांचं लॅकर पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर आकडा येतच नाही. दुकानदाराने मँगनिन (तांबं-मँगनीजचा मिश्रधातू) दिली तरी मीटर जवळजवळ शून्यावरच राहतो. तांब्याशी तिची जोडी जमतच नाही.

पीळ दोन-तीन वेढ्यांचाच द्या, वर डाख. लांब पीळ दिला तर टोकाचं नव्हे, मीटरकडून येताना तारा जिथे पहिल्यांदा टेकतात तिथलं तापमान कळतं. शिशाचा डाख १८३ अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून १५० च्या वर जाऊ नका.

उत्तर ४ : उघडा सांधा पाण्यात बुडवू नका, दोन धातू नि पाणी मिळून घटासारखा भलताच विभव देतात. बारीक परीक्षानळीत थोडं तेल घालून त्यात ठेवा. पाणी विजेच्या रॉडने तापवू नका. रॉड गळका असला तर तार आणि मीटर दोन्हींत वीज उतरते. आधी किटलीत उकळा, प्लग काढा, पाणी चंचुपात्रात ओता, मग सांधा घाला. ओतायचं काम मोठ्या माणसाचं.

उत्तर १ (पुन्हा) : आलेखाच्या आडव्या अक्षावरही नुसतं 'तापमान' नको. 'सांध्यांतला तापमानफरक (°से)' लिहा.