शब्दचर्चा: स्कॉटिश 'क्लॅन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

स्कॉटलंडच्या हायलंड्समध्ये घडणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकथा मी आवडीने वाचते आणि सध्या त्यातली एक मराठीत आणते आहे. काळ १७४०च्या दशकातला, कलोडनच्या लढाईच्या (१६ एप्रिल १७४६) थोडा आधीचा. स्टुअर्ट राजघराण्यासाठी उठलेल्या जॅकोबाइट बंडखोरांचा सरकारी फौजेने पुरता मोड केला ती ही लढाई. नायक एका क्लॅनचा, नायिका वैरी क्लॅनमधली. अडले आहे ते पहिल्याच पानावर. 'क्लॅन'ला काय लिहू? 'टोळी' लिहिलं की दरोडेखोर डोळ्यांसमोर येतात, 'जमात' लिहिलं की जनगणनेचा तक्ता वाटतो. 'घराणं' म्हटलं तर चार-दोन वाड्यांपुरतं होतं, आणि इथे तर अख्खं खोरं एका आडनावाचं आहे. सोबत 'लेअर्ड', 'प्लॅड' आणि 'हँडफास्टिंग' या शब्दांवरही मत हवं आहे.

प्रतिसाद

ताई, 'कूळ' लिहा, दुसरा विचारच करू नका. गेलिक या हायलंड्सच्या जुन्या भाषेत 'क्लान' म्हणजे मुलंबाळं, संतती. जुन्या आयरिशमध्ये तो लॅटिन 'प्लान्टा'वरून आला, म्हणजे मुळात रोप, कोंब. आपल्या 'वंश' शब्दातही बांबू आहेच.

पण माझा आग्रह वेगळ्या कारणासाठी आहे. आम्ही कोकणातले. आमच्याकडे 'कूळ' म्हटलं की आधी कुळाचार आठवत नाही, आठवतात खोत आणि त्याची कुळं. दुसऱ्याची जमीन कसणारा, तोही कूळच. १९४८चा कुळकायदा आला तो याच अर्थाने. हायलंड्समध्ये हे दोन्ही अर्थ एकाच माणसात नांदत होते. क्लॅनमधला प्रत्येक जण प्रमुखाच्या रक्ताचा होता असं मुळीच नाही. पुष्कळ जण त्याच्या जमिनीवर राहणारे, त्याला खंड देणारे, लढाईला त्याच्यामागे जाणारे, आणि म्हणून त्याचं आडनाव लावणारे. नातं मानलेलं, जमीन मात्र खरी. इंग्रजीत हे समजावायला कादंबरीकाराला पानभर मजकूर खर्ची घालावा लागतो. आपल्याला तो शब्दातच मिळतो आहे, तर सोडायचा कशाला?

पुढे एकोणिसाव्या शतकात याच प्रमुखांच्या वारसांनी मेंढ्यांसाठी खोरीच्या खोरी रिकामी करवली. त्याला 'कुळं बेदखल केली' याहून नेमकं मराठी सापडणार नाही.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याशी सहमत आहे, पण एक धोका सांगतो. मराठी वाचकाने 'कूळ' वाचलं की तो लगेच गोत्र, देवक आणि सोयरीक मनात आणतो. नायक-नायिका एकाच कुळातले निघाले तर तो दचकेल. क्लॅनमध्ये तशी बंदी नव्हती. कॅम्पबेल मुलीने कॅम्पबेल मुलाशी लग्न करणं ही रोजची गोष्ट होती. तेव्हा सुरुवातीच्या एखाद्या संवादात हे उघड करून टाका, म्हणजे वाचक निर्धास्त होईल.

आणि लग्नानंतर नायिकेला नवऱ्याचं आडनाव चिकटवू नका. स्कॉटलंडमध्ये बाईचं माहेरचं नाव कागदोपत्री तसंच राही. गेलिकमध्ये तर बाईच्या नावात 'मॅक'ही येत नाही. मॅक म्हणजे मुलगा, मुलीसाठी 'निक'. इंग्रजी कादंबऱ्या हे सर्रास विसरतात. वैरी कुळात नांदायला गेलेली आणि बापाचंच नाव लावणारी बाई ही कथेसाठी किती मोठी गोष्ट आहे!

नावाचं मोल त्या समाजात काय होतं याचा दाखला हवा असेल तर मॅकग्रेगर कूळ पाहा. १६०३ साली स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्स राजाने ते आडनावच बेकायदा ठरवलं. मधली काही वर्षं सोडली तर बंदी थेट १७७४पर्यंत चालली. रॉब रॉय मॅकग्रेगरसारख्याला आईचं कॅम्पबेल हे नाव लावून वावरावं लागलं.

प्रश्नकर्ती

'कूळ' पक्कं. 'कुळं बेदखल' वाचून तर अंगावर काटा आला, उपसंहारात वापरणार. आता लेअर्ड?

प्रतिसाद

लेअर्ड हे 'लॉर्ड'चंच स्कॉट्स रूप, पण तो सरदार-उमराव नव्हे, जमिनीचा धनी. प्रत्येक लेअर्ड कुळाचा प्रमुख नसतो. या कथांमध्ये दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी टाकतात, तुम्ही वेगळे ठेवा: प्रमुखाला 'कुळप्रमुख', लेअर्डला 'वतनदार'. वतनात वंशपरंपरा आणि अधिकार दोन्ही येतात. त्यांच्यातल्या पुष्कळांना न्यायनिवाड्याचा वारसाहक्कही होता, तो कलोडननंतर काढून घेतला गेला. संबोधनात मात्र जमिनीचं नाव ठेवा. लॉखीलच्या कॅमेरनला लोक नुसतं 'लॉखील' म्हणत.

प्रतिसाद

प्लॅडबद्दल. त्याला 'चौकडीचं कापड' लिहू नका, तो अमेरिकन अर्थ. स्कॉटलंडमध्ये चौकडीच्या विणीला टार्टन म्हणतात आणि प्लॅड हे अंगावरचं वस्त्र. गेलिकमध्ये त्याचा अर्थ चक्क कांबळं. माग अरुंद, म्हणून दोन पट्टे लांबीत शिवून जोडायचे. ते चार-पाच वार लांबीचं कापड चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचं. खालचा भाग गुडघ्यापर्यंत येतो, वरचा खांद्यावर टाचायचा किंवा पावसात डोक्यावरून ओढायचा. रात्री पट्टा सोडला की तेच पांघरूण. आपल्या धनगराच्या घोंगडीसारखं हे एकच वस्त्र दिवसरात्र पुरतं. म्हणून नायक नायिकेला आपल्या प्लॅडमध्ये घेतो त्या प्रसंगात 'शाल' लिहिलीत तर सगळी ऊब जाईल. 'कांबळं' लिहा.

काळाचंही भान ठेवा. असा पट्ट्याचा प्लॅड सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो, त्याआधीच्या कथेत तो नको. कलोडननंतर पुरुषांना हा पोशाख कायद्याने बंद झाला, फक्त फौजेतल्यांना मुभा. बंदी उठली १७८२ साली. आणि टार्टनच्या रंगावरून 'हा अमक्या कुळाचा' असं ओळखण्याचा प्रसंग असेल तर काढून टाका. कुळागणिक ठरलेलं टार्टन ही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली गोष्ट, १८२२ साली ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हापासून बोकाळलेली. कलोडनला जॅकोबाइट ओळखू यायचा तो टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलामुळे.

प्रश्नकर्ती

टार्टनवरून ओळख पटण्याचा प्रसंग मूळ पुस्तकात आहे. बदलण्याचा अधिकार मला नाही, पण तळटीप नक्की देईन. आणि हँडफास्टिंग? पुस्तकात ते 'वर्षभर आणि एक दिवस नांदून बघायचं, पटलं नाही तर मोकळे' असं आहे.

प्रतिसाद

ते वर्षभराचं नांदणं अठराव्या शतकातल्या प्रवासवर्णनांनी लोकप्रिय केलं आणि कादंबऱ्यांनी उचललं. विवाहाच्या इतिहासकारांना त्याला भक्कम आधार सापडलेला नाही. हँडफास्टिंग म्हणजे हातात हात देऊन लग्नाचं वचन, आपला वाङ्निश्चय. तोच शब्द वापरा.

खरी कायदेशीर स्थिती त्याहून रंगतदार होती. स्कॉटलंडमध्ये दोघांनी 'आम्ही आत्तापासून नवरा-बायको' असं एकमेकांना म्हटलं की लग्न लागलं. धर्मगुरू नको, आईबापांची संमती नको. लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध आला तरी कायदा ते लग्नच धरी. ही मुभा १९४०पर्यंत टिकली. इंग्लंडने १७५४पासून नियम कडक केल्यावर तिथली जोडपी सीमा ओलांडून ग्रेटना ग्रीन या स्कॉटिश गावाला पळायची ती यामुळेच. याला मराठीत तयार शब्द आहे, गांधर्वविवाह. तुमच्या नायिकेने रागाच्या भरात चार माणसांसमोर 'हा माझा नवरा' म्हटलं आणि त्याने मान डोलावली, तर वर्षभराची वाट कसली पाहायची? ती त्याच क्षणी वैरी कुळाची सून झाली, आणि तिच्या बापाला हे लग्न कोर्टात मोडणं फार जड जाईल.