मदत हवी आहे: अबेमासिक्लिबचे जुलाब आणि खानापूरची बस

नमस्कार. मी बेळगावात वडगावला राहते. वय ५६, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिक्षिका आहे. गेल्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या पाच गाठींत रोग निघाला. मग केमो, मग रेडिएशन. हार्मोनवर वाढणारा प्रकार, हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू नावाचं प्रथिन जास्त नसलेला). आता रोज लेट्रोझोल २.५ ची एक गोळी आणि अबेमासिक्लिब १५० ची सकाळी एक, रात्री एक. ही दुसरी, रोग परत येऊ नये म्हणून, दोन वर्षं घ्यायची आहे. सध्या सातवा आठवडा चालू आहे.

केस आलेत, शाळेत रुजू झाले. भेटेल तो म्हणतो, सुटलात टीचर. सुटले खरं, जुलाबातून सुटका नाही. पाचव्या दिवशी सुरू झाले ते अजून दिवसाला चार-पाच वेळा. मुरडा आला की दोन मिनिटंसुद्धा थांबता येत नाही.

गेल्या महिन्यात बसमध्ये पिरनवाडी ओलांडली आणि पोटात कळ आली. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. माणसं ढकलत दारापर्यंत आले, कंडक्टरला म्हटलं थांबवा, आणि मच्छेला उतरले. समोर दिसलं त्या घरात शिरले. अंगणात एक बाई भांडी घासत होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी राखेचा हात मागच्या बाजूला केला आणि बादली भरून दिली. त्या दिवशी शाळेत गेलेच नाही. तिथनंच रिक्षा करून घरी आले.

तेव्हापासून शाळा असेल त्या दिवशी सकाळची गोळी घेत नाही. मुलगा पट्ट्या मोजतो, म्हणून राहिलेल्या गोळ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवल्यात. अकरा झाल्यात. हे डॉक्टरांना माहीत नाही.

त्यात परवाच्या रक्ताच्या रिपोर्टात क्रिएटिनिन, किडनीचं काम बघायला मोजतात ते, ०.८ चं १.२ झालंय. भावजी म्हणतात, किडनीवर आलंय, गोळी बंदच करा.

गुरुवारी दाखवायचं आहे. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे, कन्नड बोलणारे. मलाही कन्नड येतं, बाजारापुरतं आणि बीईओ (तालुका शिक्षणाधिकारी) ऑफिसपुरतं. खरं किती वेळा, किती पातळ, कपडे खराब झाले का, हे त्या भाषेत सांगताना जीभ उचलत नाही. मागच्या खेपेला 'होट्टे सरी इल्ला', पोट बरं नाही, एवढंच म्हटलं. त्यांनी 'नीरू जास्ती कुडीरी', पाणी जास्त प्या, सांगितलं आणि पुढचा पेशंट आत आला.

तर, ही गोळी घेतलेल्या कुणी इथं असेल तर सांगा. प्रवास कसा जमवलात? क्रिएटिनिनचं भावजी म्हणतात ते खरं का? आणि त्या अकरा गोळ्यांचं सांगू का नको?

प्रतिसाद १ (निपाणीहून)

सांगा अक्का, सगळ्यात आधी तेच सांगा. तुम्ही रोज दोन घेताय असं धरून ते रक्ताचे रिपोर्ट वाचतायत.

मी हीच गोळी चौदा महिने घेतेय. मलाही पहिले दोन महिने असंच होतं. १५० सोसत नसेल तर १०० ची असते, त्याखाली ५० ची. माझी १०० केली तेव्हा मला वाटलं, आता औषध निम्मं झालं, मी हरले. डॉक्टर म्हणाले, मधूनमधून चुकवण्यापेक्षा झेपेल ती रोज घ्या. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

जुलाब थांबवायची गोळी, लोपेरामाइड, लिहून दिलीय का? मला ती पहिल्या पातळ जुलाबालाच घ्यायला सांगितलं होतं, मी मात्र तिसऱ्या-चौथ्याची वाट बघत बसायची. किती घ्यायच्या ते विचारून घ्या. आणि ती घेऊनही चोवीस तासांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, अबेमासिक्लिब थांबवायची का ते तेच ठरवतात.

क्रिएटिनिनचं असं आहे. किडनी ज्या वाटेनं क्रिएटिनिन बाहेर टाकते, त्यातली एक वाट अबेमासिक्लिब अडवते. त्यामुळं किडनी चांगली असूनही पहिल्या महिन्यातच आकडा चढतो आणि तिथंच राहतो. खरं जुलाबानं अंगातलं पाणी गेलं तर किडनीला खरोखरच त्रास होतो, तेव्हा आपल्यापुरतं ठरवू नका. संशय असेल तर सिस्टॅटिन-सी नावाची वेगळी तपासणी करतात. भावजींना राहू दे बाजूला.

खाण्यात मी लाल चटणी आणि तळलेलं बंद केलं, दुधाचा चहा थोडे दिवस सोडला. कण्यांची पेज, मऊ भात, केळं, ओआरएसची बाटली पिशवीत. जादा परकर तर असेलच तुमच्याकडं.

बोलायची लाज वाटते तर बोलू नका. वहीत तारीख, किती वेळा, गोळी घेतली का नाही, एवढं लिहून ती वही त्यांच्यापुढं ठेवा. मी तसंच करते.

ताप १०० च्या वर गेला, एकाच पायाची पोटरी सुजली, दम लागला किंवा कोरडा खोकला हटेना, तर गुरुवारची वाट बघू नका.

प्रतिसाद २

माझ्या मिसेसना दुसरं औषध होतं, ट्रॅस्टुझुमॅब, दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. त्यात जुलाब नव्हते, पण हृदयावर लक्ष ठेवायला तीन महिन्यांनी इको. जिना चढताना दम लागतो हे तिनं महिनाभर घरात कुणाला सांगितलं नाही, केमोचा थकवा म्हणत राहिली. इकोत हृदयाचं पंपिंग ६१ टक्क्यांवरून ४७ वर आलेलं. औषध थांबवलं, हृदयाच्या गोळ्या दिल्या, पुढं ५७ झाल्यावर परत सुरू केलं. तो महिना आठवला की अजून रागावतो मी तिच्यावर.

मूळ धागाकर्ती

गुरुवारी जाऊन आले. वही पुढं केली, अकरा गोळ्याही टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी त्या पेनानं सरकवत मोजल्या आणि म्हणाले, 'मोदले हेळबेकित्तल्ल, टीचर.' आधीच सांगायला हवं होतं ना. आता १०० ची दिलीय, लोपेरामाइड वेगळं लिहून दिलंय, क्रिएटिनिन पुढच्या आठवड्यात परत. मुलाला घरी येऊन सांगितलं, तो जेवला नाही त्या रात्री.

निपाणीच्या ताई, अजून एक विचारायचं राहिलं. लोपेरामाइड घेतल्यापासून दोन दिवस साफच झालं नाही. तुम्हालाही असं व्हायचं का?