आँरी रिव्हिएरचं आयफेलचं चित्र: खरी शिळाछाप कशी ओळखायची?

पागोळी: बहिणीने पॅरिसहून सीन नदीकाठच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून आँरी रिव्हिएर या फ्रेंच चित्रकाराचं एक चित्र आणलंय. पाऊस, छत्र्या, ओला रस्ता आणि पार मागे फिकट आयफेल टॉवर. ‘1902 ची लिथोग्राफ’, म्हणजे दगडावरून छापलेली शिळाछाप, म्हणून चांगलेच पैसे घेतलेत. खरी असेल का?

जुना मशीनमन: छापखान्यात 31 वर्षं काढली, म्हणून सांगतो. भिंग घ्या आणि आभाळाचा राखाडी भाग बघा. निळे-गुलाबी-पिवळे-काळे ठिपके ओळीत बसलेले दिसले तर ती ऑफसेटवरची, म्हणजे आजच्या छपाईयंत्रावरची नक्कल. शिळाछापीत राखाडी म्हणजे राखाडीच शाई. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. रिव्हिएरने पाचच रंग वापरले, तेही मळकट. रंगांच्या कडा बघा, कागद केसभर सरकला की तिथे लगेच कळतं. आमचा निम्मा जन्म तेवढ्यासाठी शिव्या खाण्यात गेला.

बोरूबहाद्दर: हा रिव्हिएर मला फार आवडतो. जपानी चित्रकार होकुसाईच्या ‘फुजी पर्वताची 36 दृश्यं’ या मालिकेवरून त्याने ‘आयफेल टॉवरची 36 दृश्यं’ केली. टॉवर उभा राहत असतानाच वर चढून फोटोही काढले होते. मालिका आधी लाकडात कोरायला घेतली होती, जपानी पद्धतीने. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताची निसर्गचित्रं तो स्वतः कोरून स्वतःच छापायचा, पण तसे किती ठसे हातून निघणार? शेवटी 1902 मध्ये व्हेर्नोच्या छापखान्यात दगडावरून 500 प्रतींचं पुस्तक निघालं. तरी रेषा बघा, जाड, सपाट, लाकडात कोरल्यासारखी. मला तर वाटतं टॉवर हे निमित्त. त्याला धूर, नदी, हमाल, उघडीबोडकी झाडं काढायची होती. कित्येक चित्रांत टॉवर शोधावा लागतो!

(होकुसाईची ‘36’ प्रत्यक्षात 46 आहेत. खप बघून 10 वाढवली.)

पागोळी: भिंग लावलं. ठिपके आहेत. चारी रंगांचे, अगदी शिस्तीत. बहिणीला अजून बोलले नाहीये, परवा तिचा वाढदिवस आहे.

जुना मशीनमन: मग परवापर्यंत भिंग कपाटात ठेवा. आणि फ्रेमवाल्याला सांगा, काच कागदाला टेकू देऊ नकोस, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट घाल. पावसाळ्यात नक्कलसुद्धा काचेला चिकटते.